पैलवानाच्या कडेवर मूल



सुट्टीच्या दिवसांत मुलांबरोबर आपणही दूरचित्रवाणीसमोर बसतो, तेव्हा एका ठरावीक साच्याचे चित्रपट हमखास पाहायला मिळतात. त्यात एक धिप्पाड, आडदांड माणूस असतो. कधी तो कुस्तीगीर असतो, कधी खेळाडू, कधी पोलीस, कधी सैनिक. दहा जणांना एकटा लोळवील असा. पण काहीतरी घडते आणि त्याच्या हातात एखादे तान्हे बाळ किंवा दोन-चार व्रात्य मुले येऊन पडतात. मग त्या पैलवानाची जी त्रेधातिरपीट उडते, ती पाहून आपण पोट धरून हसतो. शेवटी अर्थातच त्याचे मन वितळते, मुले त्याच्या गळ्यात पडतात आणि आपण डोळे पुसत उठतो.

अमेरिकेत असे चित्रपट एकामागून एक निघाले. सात वेळा 'मिस्टर ऑलिंपिया' झालेला शरीरसौष्ठवपटू अर्नोल्ड श्वार्झनेगर १९९० च्या 'किंडरगार्टन कॉप'मध्ये बालवाडीचा शिक्षक बनून आला. २०२५ साली निवर्तलेला कुस्तीगीर हल्क होगन १९९३ च्या 'मिस्टर नॅनी'मध्ये दोन खोडकर मुलांचा राखणदार झाला. २००५ च्या 'द पॅसिफायर'मध्ये व्हिन डिझेलने साकारलेल्या नौदलाच्या कमांडोवर पाच मुलांचे घर सांभाळण्याची पाळी आली. कुस्तीच्या रिंगणातून आलेला ड्वेन जॉन्सन २००७ च्या 'द गेम प्लॅन'मध्ये नामांकित खेळाडू असतो आणि एके दिवशी आठ वर्षांची मुलगी त्याच्या दारात उभी राहून सांगते, मी तुमची मुलगी. आपल्या मुंबईनेही हा विषय हाताळला. २००७ च्या 'हे बेबी'मध्ये अक्षय कुमार, फरदीन खान आणि आपले रितेश देशमुख हे तीन ब्रह्मचारी दारात सापडलेल्या बाळापुढे हतबल होतात. २०१५ च्या 'बजरंगी भाईजान'मध्ये पिळदार दंडांसाठी प्रसिद्ध असलेला सलमान खान एका मुक्या मुलीला तिच्या घरी पोचवण्यासाठी सरहद्द ओलांडतो.

हे तर निव्वळ करमणुकीचे चित्रपट. मग आपल्या रविवारच्या पत्रिकेत त्यांच्यावर लिहायचे कशाला? कारण माणूस कशाला हसतो यावरून त्याच्या मनात काय पक्के बसले आहे ते कळते. एरवी आपण जे उघड बोलणार नाही, ते आपले हसू बोलून जाते.

हसू कशाचे?

हसण्याविषयी तत्त्वज्ञांनी बराच विचार केला आहे. हेन्री बर्गसाँ या फ्रेंच तत्त्वज्ञाने १९०० साली या विषयावर एक छोटे पुस्तक लिहिले. जिवंत माणूस यंत्रासारखा वागू लागला की आपल्याला हसू येते, असा त्याच्या म्हणण्याचा सारांश. 'किंडरगार्टन कॉप'मधला पोलीस बालवाडीतल्या मुलांना शिट्टी फुंकून कवायतीत उभे करतो. 'द पॅसिफायर'मधला कमांडो घरातल्या मुलांना सैन्यातल्यासारखी सांकेतिक नावे देतो. पण मूल म्हणजे यंत्र नव्हे. ते आपल्या वेळेला रडते, आपल्या वेळेला झोपते, हुकमाला भीक घालत नाही. त्या ताठ माणसाचा ताठा मुलापुढे मोडतो आणि आपण हसतो. हे हसू निरोगी आहे. ते माणसाला सांगते, बाबा रे, जरा वाक.

पण या हसण्यात दुसरे एक हसू मिसळलेले असते. सतराव्या शतकातला इंग्रज विचारवंत थॉमस हॉब्ज म्हणत असे की, दुसऱ्यापुढे आपण अचानक वरचढ ठरल्याच्या जाणिवेतून हसू फुटते. एवढा मोठा गडी, आणि बायकांचे काम करतो! हे ते दुसरे हसू. त्याची परीक्षा सोपी आहे. चित्रपटात पुरुषाऐवजी बाई घाला. बाळ रडते आहे आणि बाईला लंगोट बांधता येत नाही. आता कोणी हसेल का? हसणार नाही, उलट नावे ठेवतील. म्हणजे पुरुषाला मूल सांभाळता येत नाही हा विनोद, आणि बाईला येत नाही हा तिचा दोष! एकाच गोष्टीला दोन मापे लावणारे हसू निर्मळ नसते.

आणि हे हसू पडद्यापुरते राहत नाही. एखादा बाप सकाळी अंगणात बसून मुलीची वेणी घालू लागला, तर रस्त्याने जाणारा थांबून दोन शब्द टाकतोच. कोणी त्याला 'बायल्या' म्हणते. आणि खरे सांगायचे तर घरातल्या बायकाही हसतात. "द्या इकडे, तुम्हाला नाही जमायचे," असे म्हणून कंगवा हातातून काढून घेतात. बापाचा पहिलाच प्रयत्न असा विनोदात संपतो आणि तो पुन्हा म्हणून कंगव्याला हात लावीत नाही.

आधी प्रेम की आधी सेवा?

एवढे असले तरी या चित्रपटांत एक खरी गोष्ट दडलेली आहे. त्यांच्यातला एकही नायक मूल आवडते म्हणून मूल घेत नाही. नोकरीचा हुकूम असतो, नाही तर नाइलाज असतो. 'बजरंगी भाईजान'मधला पवन आधी मुलीला पोलीस ठाण्यात नेतो, मग वकिलातीत, मग पैसे घेऊन पोचवतो म्हणणाऱ्या एका एजंटाकडे. सगळी दारे बंद झाल्यावर आणि तो एजंट नराधम निघाल्यावर तो स्वतः तिचा हात धरून निघतो. आधी काम गळ्यात पडते, हात ते काम शिकतात आणि मन हातांच्या मागून येते.

आपण मात्र नेहमी उलटे समजतो. आधी मनात माया दाटून आली पाहिजे, मग माणूस सेवा करील. आईला ती उपजत असते, बापाला नसते, त्याला तो काय करणार! "मला लहान मुलांचे जमत नाही," हे वाक्य पुरुष असे म्हणतात, जणू काही आपला रक्तगट सांगत आहेत.

सेमिनरीत तत्त्वज्ञान शिकताना पहिल्याच वर्षी ॲरिस्टॉटलचा एक विचार गाठ पडतो. वीणा वाजवूनच माणूस वीणावादक होतो, घर बांधूनच गवंडी होतो. तसाच तो न्यायाची कृत्ये करूनच न्यायी होतो आणि धैर्याची कृत्ये करून धैर्यवान. सद्गुण जन्माला येताना गाठीला बांधून मिळत नाही, तो सवयीने अंगी येतो. हाच नियम मायेलाही लागू आहे. आईला तरी मूल सांभाळणे कोणी आकाशातून शिकवले? पहिलटकरीण बाळाला अंघोळ घालताना किती घाबरते, हे तिच्या आईला विचारा. ती शिकते, कारण शिकल्यावाचून तिची सुटका नसते. पुरुषाला शिकता येत नाही असे नाही. त्याला न शिकण्याची मुभा आहे, एवढाच फरक.

यावर कोणी विचारील, मनात प्रेम नसताना केलेली सेवा म्हणजे ढोंग नव्हे काय? नव्हे. लोकांनी पाहावे म्हणून केलेली सेवा हे ढोंग. मन तयार नसतानाही मुलाला गरज आहे म्हणून केलेली सेवा हे कर्तव्य. रात्री दोन वाजता तापलेल्या मुलाला घेऊन येरझाऱ्या घालणाऱ्या आईच्या मनात त्या क्षणी गोड भावना उचंबळत नसतात. तिला झोप येत असते. तरी ती उठते. त्या उठण्यालाच प्रेम म्हणतात. गोड भावना सकाळी, ताप उतरल्यावर येतात.

तालमीतले मामा

आता पडदा बाजूला सारून आपल्याच महाराष्ट्राच्या मातीत पाहू. पैलवान आणि मूल ही जोडी आपल्याकडे हसण्यावारी नेण्यासारखी कधीच नव्हती. कोल्हापूर-पुण्याकडच्या तालमी घ्या किंवा आपल्याकडचे आखाडे घ्या. दहा-बारा वर्षांची पोरे घरदार सोडून तालमीत येतात. त्यांना पहाटे उठवायचे, जोर-बैठका काढून घ्यायच्या, ताक, तेल, हळद घालून लाल माती मळायला शिकवायची, कोणाच्या पोटात किती दूध गेले, कोणाला बदाम मिळाले नाहीत, कोणाचा खांदा दुखावला, कोण रात्री घरच्या आठवणीने रडतो, हे सगळे कोण पाहते? वस्ताद. आयुष्यभर मातीत झुंजलेला, कान मोडलेला, मानेचा खांब झालेला माणूस. त्या पोरांची आई तालमीत नसते. आईचे अर्धे काम तो करतो.

नामवंत मल्ल हरिश्चंद्र बिराजदार पुण्याच्या गोकुळ वस्ताद तालमीत मुलांना घडवीत. कुस्तीच्या जगात सगळे त्यांना 'मामा' म्हणत. २०११ साली ते गेले. त्यांच्या हाताखाली तयार झालेल्या बीड जिल्ह्यातील पाटोद्याच्या राहुल आवारेने २०१८ साली गोल्ड कोस्टच्या राष्ट्रकुल स्पर्धेत ५७ किलो गटात सुवर्णपदक जिंकले, आणि ते आपल्या दिवंगत गुरूंना अर्पण केले. मामा या शब्दाकडे जरा लक्ष द्या. मामा म्हणजे आईचा भाऊ, आईकडचा माणूस. ज्याच्या ताकदीची दहशत, त्याला मुलांनी नाते दिले ते आईच्या बाजूचे.

आपल्या अमरावतीचे श्री हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ १९१४ सालापासून मुलांना मल्लखांब आणि व्यायाम शिकवत आले आहे. एवढ्याशा पोराला कमरेला धरून मल्लखांबावर चढवणाऱ्या शिक्षकाला पाहून कोणी हसते का? वस्ताद पोराच्या पेल्यात दूध ओततो तेव्हा कोणी त्याला बायल्या म्हणते का? तेच दूध, तेच पोर, तसाच दणकट हात. तालमीत त्याला शिस्त म्हणतात आणि मान देतात. स्वयंपाकघरात त्याला बायकांचे काम म्हणतात आणि हसतात. यावरून काय दिसते? बळ आणि ममता यांचे मुळात वैर नाही. वैर आपण नावांत घालून ठेवले आहे.

बळ कशासाठी?

मग बळ असते तरी कशासाठी? तेराव्या शतकातले थोर विचारवंत संत थॉमस अक्वायनस यांनी धैर्य या सद्गुणाची फोड करताना एक अनपेक्षित गोष्ट सांगितली आहे. धैर्याचे मुख्य काम हल्ला करणे नव्हे, टिकून राहणे, सोसणे हे आहे. त्यांची कारणे विचार करण्याजोगी आहेत. हल्ला करणारा स्वतःला वरचढ समजूनच पुढे जातो. सोसणाऱ्यासमोर मात्र त्याच्याहून बलवान असे संकट असते. हल्ला थोडा वेळ चालतो. सोसणे लांबत जाते. कुस्ती काही मिनिटांत निकाली निघते. मुलाचा गोवर काही मिनिटांत निघत नाही.

म्हणून या चित्रपटांतला पैलवान मुलाच्या नादाने मऊ पडतो, असे आपण म्हणतो ते पुरते बरोबर नाही. त्याला आपल्या बळाचे अर्धेच काम ठाऊक होते, दुसरे अर्धे मुलाने शिकवले. 'द पॅसिफायर'मध्ये घरातला छोटा मुलगा एक विशिष्ट नाच केल्याशिवाय झोपत नाही. कमांडोला तो नाच करण्याची लाज वाटते. पण शेवटी सापळ्यांनी भरलेली वाट पार करताना त्याच नाचाची पावले उपयोगी पडतात. 'बजरंगी भाईजान'मध्ये एरवी दहा जणांना लोळवणारा नट या वेळी मारतो कमी आणि मार खातो जास्त. ज्याला गुदगुल्या होतात म्हणून कुस्तीत यश आले नाही, असा हा पवन. पण मुलीचा हात तो शेवटपर्यंत सोडत नाही.

आपल्या श्रद्धेच्या परंपरेतही अशी एक आकृती आहे आणि ती या सगळ्या चित्रपटांहून कितीतरी जुनी आहे. संत ख्रिस्तोफर यांची दंतकथा तुम्हांला ठाऊक आहे. पुष्कळ वाहनचालक त्यांचे पदक गाडीत लावतात. हा राक्षसासारखा धिप्पाड माणूस जगातल्या सर्वांत बलाढ्य राजाची चाकरी करायला निघाला होता. एका संन्याशाने त्याला काम दिले ते हमालाचे: वाटसरूंना खांद्यावर घेऊन नदी पार करून दे. एका रात्री त्याने एका लहान मुलाला खांद्यावर घेतले आणि मध्यप्रवाहात ते मूल इतके जड झाले की तो बुडायला आला. ते बालक कोण होते हे त्याला पैलतीरावर कळले. त्याने मूल ओळखून उचलले नव्हते. आधी उचलले, ओळख मागून पटली. संत जोसेफ यांचेही तसेच. शुभवर्तमानात त्यांच्या तोंडचा एकही शब्द नोंदलेला नाही. नोंदले आहे ते रात्री उठून बाळाला आणि त्याच्या आईला घेऊन परदेशाची वाट धरणे. कष्टाने राठ झालेले सुताराचे हात, आणि त्यांत दुसऱ्याने सोपवलेले मूल.

पडद्याबाहेरची आई

तरीही या चित्रपटांचा एक डाव आपण ओळखला पाहिजे. त्यांत आई कुठे असते? 'द पॅसिफायर'मध्ये ती परदेशी गेलेली असते. 'द गेम प्लॅन'मध्ये ती वारलेली असते. 'बजरंगी भाईजान'मध्ये ती सरहद्दीपलीकडे असते. आईला कथेबाहेर काढल्याशिवाय हा साचा चालतच नाही. कारण ती घरात असती, तर पैलवानाने पहिल्या पाच मिनिटांत मूल तिच्याकडे देऊन टाकले असते आणि चित्रपट तिथेच संपला असता.

आपल्या बहुतेक घरांत आई आहे, देवाची कृपा. म्हणूनच आपल्या घरांत तो चित्रपट सुरूच होत नाही. पडद्यावर परिस्थिती जी सक्ती करते, ती घरात कोणी करत नाही. तिथे बापाला स्वतःहून निवड करावी लागते. शिवाय पडद्यावर दीड-दोन तासांत माणूस बदलतो आणि टाळ्या घेतो. आई तेच काम वीस वर्षे करते. तिच्यासाठी शेवटी संगीत वाजत नाही.

आता सगळ्यांत कठीण गोष्ट सांगतो. आपल्या वाशीम जिल्ह्यात सोयाबीनच्या सोंगणीचे, कापूस वेचणीचे दिवस आले की आई सकाळीच भाकरी बांधून वावरात जाते. नोकरदार स्त्रीला २०१७ च्या दुरुस्तीनंतर २६ आठवड्यांची बाळंतपणाची रजा मिळते, केंद्र सरकारच्या पुरुष कर्मचाऱ्याला १५ दिवसांची पितृत्व रजा मिळते. रोजाने सोंगणीला जाणाऱ्या बाईला कोण रजा देणार? मग तान्ह्याला कोण पाहते? आजी असली तर आजी. नाही तर नऊ-दहा वर्षांची मोठी बहीण. स्वतःचे केस अजून नीट विंचरता येत नाहीत आणि कडेवर दीड वर्षाचा भाऊ. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याने सहा ते चौदा वर्षांच्या प्रत्येक मुलाला शाळेचा हक्क दिला. पण हंगामात वर्गात जाऊन पाहा, गैरहजर कोण आहे. आणि त्याच वेळी पानठेल्यावर आणि पारावर किती दणकट हात रिकामे बसलेले असतात तेही पाहा.

मूल सांभाळायला सर्वांत अयोग्य असा माणूस शोधायचा तर तो पैलवान नव्हे, ती नऊ वर्षांची मुलगी होय. पैलवानाच्या कडेवर मूल पाहून आपल्याला हसू येते. मुलाच्या कडेवर मूल पाहून आपल्याला काहीच वाटत नाही. आपली नजर किती उलटी बसली आहे, हे यावरून कळावे.

येथे बापाचीही बाजू ऐकली पाहिजे. "मी दिवसभर राबतो तो कोणासाठी? पोरांसाठीच ना?" असे तो म्हणतो आणि ते खोटे नाही. वावरात गाळलेला घाम, पुण्या-मुंबईकडे जाऊन केलेली मजुरी हीसुद्धा मायाच आहे. तिचा अनादर कोणी करू नये. पण तीन वर्षांच्या मुलाला सोयाबीनच्या पोत्यात बापाची माया दिसत नाही. त्याला दिसतो तो हात: उचलणारा, भरवणारा, पडल्यावर धूळ झटकणारा. तो हात त्याला मिळाला नाही, तर मोठेपणी बापाने घेतलेल्या कष्टांचा हिशोब त्याला समजेल, पण त्या वयातली जवळीक त्याला परत मिळणार नाही. आणि बापालाही मिळणार नाही. या व्यवहारात दोघांचेही नुकसान आहे.

तेव्हा माझी विनंती साधी आहे. घरातल्या पुरुषांनी या आठवड्यात मुलाचे एक काम पूर्णपणे आपल्याकडे घ्यावे. आईला 'मदत' म्हणून नव्हे, आपले काम म्हणून. अंघोळ असेल, वेणी असेल, अंगणवाडीत पोचवणे असेल, रात्री निजवणे असेल. पहिले काही दिवस जमणार नाही. पाणी सांडेल, वेणी वाकडी होईल, मूल आईला हाका मारील. तेव्हा बायकांनी कंगवा काढून घेऊ नये, आणि शेजाऱ्यांनी हसायचे असेल तर मायेने हसावे. मोठ्या मुलीच्या कडेवरचे बाळ काकांनी, मामांनी, आजोबांनी घ्यावे आणि तिला दप्तर देऊन शाळेत धाडावे. मन लागत नाही, अशी वाट पाहत बसू नये. हात लागले की मन लागते.

तुमचा,
धर्मगुरू